प्रस्तावना : गाठ नेमकी कशाची?

पोटाच्या सोनोग्राफीच्या अहवालात एक ओळ वारंवार आढळते. यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडे, प्लीहा यांच्यापुढे 'नॉर्मल' असे लिहिलेले असते आणि त्याखाली एवढेच, की आतड्यातील वायूमुळे स्वादुपिंड नीट दिसले नाही. बाकी सगळे ठीक आहे म्हणून घरचे सुस्कारा सोडतात, अहवाल पिशवीत जातो आणि ती ओळ तिथेच राहते. ज्याचे पोट सहज दुखले आणि चार दिवसांत थांबले, त्याच्या बाबतीत यात काही बिघडत नाही. पण पन्नाशी ओलांडलेल्या, कारण नसताना वजन उतरत चाललेल्या, पोटातून पाठीत आरपार जाणारी कळ सांगणाऱ्या माणसाच्या अहवालात हीच ओळ असेल, तर त्या तपासणीने मुख्य प्रश्नाला हातच लावलेला नाही.

हे पुस्तक त्या न दिसलेल्या अवयवाबद्दल आहे आणि त्याच्याजवळ जाऊन पाहणाऱ्या एका तपासणीबद्दल आहे. एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड हे तिचे पूर्ण नाव. दवाखान्यांच्या बोलीत 'ईयूएस'. स्वादुपिंडात गाठ आहे असे कळले की पुढे काय करायचे, ती गाठ कशाची हे कसे ठरते आणि ते ठरवण्यात या तपासणीचा वाटा किती, हे मराठीत सविस्तर सांगावे एवढाच हेतू आहे. गावातल्या, तालुक्यातल्या ज्या डॉक्टरांकडे रुग्ण सर्वांत आधी जातो ते डॉक्टर, आणि 'ईयूएस करून घ्या' अशी चिठ्ठी हातात घेऊन शहराची गाडी पकडणारे रुग्ण व नातेवाईक, या दोघांना डोळ्यांपुढे ठेवून मी ते लिहिले आहे.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे पसरलेले असते. लांबी साधारण 15 सेंटिमीटर, वजन जेमतेम 100 ग्रॅम. उजवीकडचे डोके आद्यांत्राच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणाच्या कवेत बसते. धड महारोहिणीवरून आडवे जाते. डावीकडची शेपटी प्लीहेला जाऊन भिडते. यकृतातून आलेली पित्तनलिका डोक्यातून वाट काढत आतड्यात उघडते. आतड्यांचे रक्त यकृताकडे नेणारी मोठी नीला स्वादुपिंडाच्या मानेमागे, म्हणजे डोके आणि धड जोडणाऱ्या भागामागे, आकार घेते. अन्न पचवणारा रस आणि रक्तातील साखर सांभाळणारे इन्शुलिन, दोन्ही इथेच तयार होतात. पोटाच्या भिंतीपासून हा अवयव इतका खोल आहे की बोटांनी दाबून तो तपासता येत नाही. त्याच्यापुढे जठर आणि मोठे आतडे वायू घेऊन उभे असल्यामुळे बाहेरून सोडलेले ध्वनितरंगही त्याच्यापर्यंत धड पोहोचत नाहीत. सोनोग्राफीच्या अहवालातील ती ओळ शरीराच्या रचनेतूनच आलेली असते. तपासणाऱ्याचा त्यात दोष नसतो.

इथे वाढणारी गाठ बराच काळ बोलत नाही. डोक्यात असेल तर ती पित्तनलिका दाबते आणि कावीळ होते. त्यामुळे निदान तिचा पत्ता तरी लागतो. धडातली किंवा शेपटीतली गाठ मात्र मज्जातंतूंपर्यंत पोहोचून पाठ दुखू लागेपर्यंत, भूक मरून कपडे ढिले होईपर्यंत लपून राहते. कधी पहिली खूण अगदी वेगळ्याच दारातून येते: घराण्यात मधुमेह नसलेल्या, सडपातळ, पन्नाशीपुढच्या माणसाची साखर अचानक वाढते आणि वजन वाढण्याऐवजी घटू लागते. असा नवा मधुमेह झालेल्या बहुतेकांना कर्करोग नसतोच. पण साखर आणि वजन यांची ही उलटी जोडी दिसली, तर गोळी लिहून देण्याबरोबर स्वादुपिंडाचा विचार डॉक्टरांच्या मनात यायला हवा.

काविळीबद्दल इथे थोडे थांबून बोलले पाहिजे. आपल्याकडे कावीळ म्हटली की पहिली वाट डॉक्टरांकडेच जाते असे नाही. कुणी कावीळ उतरवून देतो, कुणी गळ्यात माळ बांधतो, कुणी पाल्याचा रस पाजतो. विषाणूमुळे झालेली कावीळ बहुतेक वेळा आपोआप ओसरते. श्रेय माळेला मिळते आणि विश्वास पक्का होतो. पित्तनलिका दबल्यामुळे झालेली कावीळ अशी ओसरत नाही. डोळ्यांचा पिवळेपणा दिवसेंदिवस वाढतो, अंगाला असह्य खाज सुटते, लघवी गडद होते, शौचाचा रंग मातकट पांढरा पडतो, आणि या सगळ्यात पोट फारसे दुखतही नाही. दुखत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. जे आठवडे पथ्यपाण्यात आणि माळेवर विसंबून जातात, त्याच आठवड्यांत काढता येण्याजोगी गाठ शेजारच्या रक्तवाहिनीला मिठी मारू शकते. चाळिशीनंतर अशी न दुखणारी, वाढत जाणारी कावीळ दिसली तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी आणि पाठोपाठ सीटी स्कॅन झालाच पाहिजे. या पुस्तकातली एकच सूचना कुणाच्या लक्षात राहणार असेल, तर ती ही राहावी.

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे 17 मार्च 2019 रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निधन झाले, तेव्हा या अवयवाचे नाव गोव्यात आणि महाराष्ट्रात घराघरांत उच्चारले गेले. त्यासोबत एक समजही रुजला, की स्वादुपिंडात गाठ म्हणजे सगळे संपले. या आजाराची भीती अनाठायी नाही. स्वादुपिंडाचे बहुसंख्य कर्करोग पाचकरस वाहून नेणाऱ्या नलिकांच्या अस्तरातून उगवतात, त्यांना 'डक्टल ॲडिनोकार्सिनोमा' म्हणतात, आणि ते सर्वांत घातक कर्करोगांत मोडतात. अमेरिकेतही, जिथे तपासण्या सहज उपलब्ध आहेत, स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या दर 100 रुग्णांपैकी पाच वर्षांनंतर जेमतेम 13 हयात असतात. पण स्वादुपिंडातली प्रत्येक गाठ या जातीची नसते. ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज यांनी 2005 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील भाषणात स्वतःचा अनुभव सांगितला होता. सकाळच्या स्कॅनमध्ये गाठ दिसली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना घरी जाऊन निरवानिरव करायला सुचवले. त्याच संध्याकाळी घशातून दुर्बीण घालून, जठरातून आतड्यात नेऊन, स्वादुपिंडात सुई टाकून पेशी काढल्या गेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाहिल्यावर ही शस्त्रक्रियेने बरी होऊ शकणारी दुर्मीळ जात आहे असे कळले. संप्रेरके बनवणाऱ्या पेशींतून उगवलेली ती न्यूरोएंडोक्राइन गाठ होती. पुढे 2011 साली त्याच आजारात त्यांचे निधन झाले, तरी सकाळच्या अंदाजात आणि संध्याकाळच्या निदानात पडलेला फरक काही वर्षांच्या आयुष्याचा होता.

माझ्या सांगण्याचा गाभा हाच आहे. स्कॅनमध्ये गाठ दिसणे ही निम्मी माहिती झाली. ती कशाची आहे हे कळल्याशिवाय उपचाराची दिशाच ठरत नाही, कारण एकाच जागी, जवळपास सारख्याच दिसणाऱ्या दोन गाठींचे उपचार एकमेकांच्या अगदी उलट असू शकतात.

उदाहरणे पाहू. पन्नास-साठीतल्या एखाद्या पुरुषाला कावीळ होते, सीटीमध्ये डोक्याच्या जागी गाठ दिसते आणि सगळे चित्र कर्करोगाचे वाटते; पण तो 'ऑटोइम्यून पॅन्क्रिएटायटिस' असू शकतो. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटते आणि सूज येऊन गाठीसारखी दिसते. याच्या एका प्रकारात रक्तातील आयजीजी-4 हे प्रथिन वाढते, हे जपानी संशोधकांनी 2001 साली दाखवले. हा आजार स्टेरॉइडच्या गोळ्यांनी झपाट्याने ओसरतो. कर्करोग समजून मोठी शस्त्रक्रिया झाली आणि काढलेल्या अवयवाच्या तपासणीत हा आजार निघाला, असे जगभरच्या नामवंत रुग्णालयांत घडलेले आहे.

दुसरे उदाहरण आपल्या देशाच्या जास्त जवळचे. क्षयरोग फुप्फुसांपुरता राहत नाही. स्वादुपिंडाला किंवा त्याला चिकटलेल्या लसिकाग्रंथींना क्षय झाला, तर स्कॅनमध्ये तिथली सूज हुबेहूब कर्करोगाची गाठ वाटू शकते. वजन घटणे आणि भूक न लागणे दोन्हींत सारखेच. सुईने काढलेल्या नमुन्यात क्षयाच्या खुणा सापडल्या किंवा जीनएक्स्पर्ट तपासणीत जंतूचा पुरावा मिळाला, तर पोट उघडण्याची गरज राहत नाही. क्षयाच्या औषधांचा पूर्ण कोर्स पुरतो. लिम्फोमाची, म्हणजे लसिकापेशींच्या कर्करोगाची, गाठ असेल तर शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, तिथे केमोथेरपीच हवी. मूत्रपिंडाचा कर्करोग काढून कित्येक वर्षे लोटल्यावर त्याची गाठ स्वादुपिंडात उमटू शकते; म्हणून जुन्या शस्त्रक्रियेचे कागद, ते कितीही जुने असोत, डॉक्टरांना दाखवावेत. तरुण मुलींमध्ये 'सॉलिड स्यूडोपॅपिलरी' नावाची गाठ आढळते. ती बरीच मोठी होते, घरच्यांचे धाबे दणाणते, पण पूर्ण काढली तर बहुतेक मुली कायमच्या बऱ्या होतात. आणि इन्शुलिन गाळणारी 'इन्शुलिनोमा' ही गाठ अनेकदा दोन सेंटिमीटरपेक्षाही लहान असते. उपाशीपोटी साखर उतरते, माणूस घामाघूम होतो, असंबद्ध बोलतो, कधी बेशुद्ध पडतो. फिट्स किंवा मानसिक आजार समजून अशांवर वर्षानुवर्षे उपचार झालेले आहेत. इन्शुलिनोमाच्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. त्या शोधून काढल्या की आजार संपतो.

अशा लहान गाठी शोधण्यात ईयूएसने आपली योग्यता फार लवकर सिद्ध केली. जर्मनीतील थॉमस रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सोनोग्राफी आणि सीटीत न सापडलेल्या स्वादुपिंडाच्या 39 अंतःस्रावी गाठींपैकी 32 ईयूएसने नेमक्या जागी दाखवून दिल्या होत्या. सीटीची यंत्रे तेव्हापासून खूप सुधारली आहेत. तरीही दोन सेंटिमीटरखालच्या गाठीसाठी ईयूएसचे महत्त्व आजही टिकून आहे.

या तपासणीचा जन्म स्वादुपिंडाच्याच गरजेतून झाला. ठरावीक स्फटिकांवर दाब दिला की त्यांत वीज निर्माण होते, हे झाक आणि पिएर क्युरी या भावांनी 1880 साली दाखवले. याच्या उलट, स्फटिकाला वीज दिली की तो कंप पावतो आणि ध्वनितरंग सोडतो. सोनोग्राफीचे सगळे शास्त्र यावर उभे आहे. काचतंतूंच्या जुडीतून चित्र वाहून नेता येते हे पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी लंडनमध्ये 1954 साली जगापुढे मांडले, आणि बेसिल हिर्शोविट्झ यांनी अमेरिकेत 1957 साली त्यावरून लवचीक दुर्बीण घडवली. हे दोन धागे 1980 साली एकत्र आले. क्युरी बंधूंच्या शोधाला शंभर वर्षे होत असताना अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या युजीन डिमॅग्नो यांच्या गटाने दुर्बिणीच्या टोकावर सोनोग्राफीचा प्रोब बसवून प्राण्यांवर केलेल्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्याच सुमारास जर्मनी आणि जपानमध्येही असेच प्रयोग चालू होते. वायूचा अडथळा पोटाच्या बाहेरून ओलांडता येत नसेल, तर प्रोबच आत, जठरात नेऊ या, असा तो सरळ विचार होता.

सुरुवातीच्या यंत्रांत प्रोब दुर्बिणीच्या अक्षाभोवती वर्तुळाकार पाहत असे. चित्र सुंदर मिळे, पण सुई टाकली तर ती चित्राच्या प्रतलाला छेदून निघून जाई आणि तिचे टोक कुठे आहे हे दिसत नसे. दुर्बिणीच्या दिशेनेच पाहणारा 'लीनियर' प्रोब आला आणि सुईची पूर्ण लांबी पडद्यावर दिसू लागली. डेन्मार्कमधील पीटर विल्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली अशा प्रोबच्या नजरेखाली स्वादुपिंडातून सुईने पेशी काढल्याचे प्रसिद्ध केले. पाहणे आणि पुरावा काढणे ही दोन कामे तेव्हापासून एकाच बैठकीत होऊ लागली.

जवळ जाण्याने इतका फरक का पडतो? ध्वनितरंगाची वारंवारता वाढवली की तपशील बारीक दिसतो, पण तरंग खोलवर जात नाही. पोटावरून सोनोग्राफी करताना खोली गाठायची असते, म्हणून साधारण 3.5 मेगाहर्ट्झच्या आसपासचे तरंग वापरावे लागतात. जठराच्या भिंतीला टेकून पाहताना स्वादुपिंड दोन-तीन सेंटिमीटरवर असते, तिथे 7.5 मेगाहर्ट्झ किंवा त्याहून अधिक वारंवारता चालते. शरीरात ध्वनी सेकंदाला साधारण 1540 मीटर वेगाने जातो, या हिशेबाने 7.5 मेगाहर्ट्झच्या तरंगाची लांबी सुमारे 0.2 मिलिमीटर भरते. त्यामुळे काही मिलिमीटरची गाठ, नलिकेचे बारीकसे रुंदावणे, गाठ आणि रक्तवाहिनी यांच्यातला पातळ थर शिल्लक आहे की नाही, हे सगळे वाचता येते.

रुग्णाच्या बाजूने ही तपासणी साध्या एंडोस्कोपीसारखीच असते. सहा ते आठ तास उपाशी राहायचे, झोपेचे औषध घ्यायचे आणि डाव्या कुशीवर झोपायचे. डॉक्टर जठरातून धड आणि शेपटी पाहतात, मग आद्यांत्रात उतरून डोके आणि पित्तनलिका पाहतात. सगळे मिळून साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती आधीच सांगायला हवीत. कोणते औषध कधी थांबवायचे हे डॉक्टर ठरवतात, आपल्या मनाने काहीही बंद करू नये.

सुईबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण ईयूएसचे खरे सामर्थ्य आणि खरी मर्यादा दोन्ही तिथे आहेत. नेहमीच्या वापरातली 22 गेजची सुई सुमारे 0.7 मिलिमीटर जाडीची असते. डोक्यातल्या गाठीत ती आद्यांत्रातून जाते, धडा-शेपटीतल्या गाठीत जठरातून. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला भात सगळीकडे सारखा शिजलेला असतो. स्वादुपिंडाचा कर्करोग तसा एकसारखा नसतो. तो आपल्याभोवती घट्ट तंतुमय ऊतकाचा मोठा पसारा उभा करतो आणि त्यात कर्करोगाच्या पेशी विखुरलेल्या बसतात. गाठीचा मध्यभाग कधी मृत झालेला असतो. सुई एकाच रेषेत पुढे-मागे केली तर नुसते तंतू किंवा रक्त हाती लागू शकते. म्हणून अनुभवी डॉक्टर सुईचे टोक पंख्याच्या पात्यांसारखे कोन बदलत गाठीच्या निरनिराळ्या भागांत नेतात. पूर्वी सुईतून सुट्या पेशी मिळत. आता खास घडवलेल्या टोकांच्या सुयांनी ऊतकाचा सलग तुकडा मिळतो. त्या तुकड्यावर विशेष रंगद्रव्यांच्या चाचण्या करून लिम्फोमा, न्यूरोएंडोक्राइन गाठ किंवा ऑटोइम्यून आजार ओळखणे पुष्कळ सोपे होते, आणि गरज पडल्यास जनुकीय तपासणीही करता येते.

या सगळ्यात पॅथॉलॉजिस्ट हा निम्म्याचा वाटेकरी असतो, हे रुग्णांना सहसा माहीत नसते. दुर्बीण हाताळणारा कितीही कुशल असला तरी काचेवरच्या पेशींना नाव पॅथॉलॉजिस्ट देतो. रुग्णाची कावीळ, साखर, आयजीजी-4, पूर्वीचा कर्करोग, दारू-तंबाखूचा इतिहास, स्कॅनमधले चित्र, हे सगळे त्यांच्या टेबलापर्यंत पोहोचले तर निदान पक्के होते. नुसते 'स्वादुपिंडातील गाठ' एवढेच लिहिलेली बाटली पाठवली, तर आपणच त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो.

आता मर्यादा. घन गाठीत कर्करोग असेल तर ईयूएसची सुई तो साधारण 100 पैकी 85 ते 90 वेळा पकडते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांतून दिसते. आणि सुईने 'कर्करोग आहे' असे सांगितले तर ते चुकीचे ठरण्याची शक्यता फार थोडी असते. या दोन विधानांतला फरक नीट समजून घ्यायला हवा. 'आहे' हे उत्तर भरवशाचे आहे. 'सापडला नाही' याचा अर्थ 'नाही' असा होत नाही. स्कॅन आणि लक्षणे कर्करोगाकडे बोट दाखवत असतील आणि सुईचा अहवाल निर्दोष आला असेल, तर तपासणी पुन्हा करावी लागते किंवा थेट शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा लागतो. निर्दोष अहवाल देवापुढे ठेवून सहा महिने निवांत राहिलेल्या कुटुंबाला पुढे जे सोसावे लागते, त्याचे दुःख शब्दांत मावणारे नाही.

जुनाट सूज असलेल्या स्वादुपिंडात ही अडचण आणखी वाढते. आपल्या देशात याचे एक खास रूप आहे. दारूचा संबंध नसताना लहान वयात पोटदुखी, नलिकांत मोठमोठे खडे आणि पुढे मधुमेह असा हा आजार केरळमध्ये विशेष आढळला, तिथल्या डॉ. गीवर्गीस यांनी अशा रुग्णांचा मोठा समूह अभ्यासून तो वैद्यकविश्वापुढे आणला. या रुग्णांत पुढे कर्करोगाचा धोका वाढलेला असतो, आणि नेमक्या त्यांच्यातच तो ओळखणे सर्वांत अवघड असते. खड्यांच्या सावल्या पडद्यावर चित्र झाकतात, सुजेची गाठ आणि कर्करोगाची गाठ सारख्याच दिसतात, सुईचा नेमही कमी पडतो. गाठीचा ताठरपणा मोजणारी इलास्टोग्राफी किंवा शिरेतून सूक्ष्म बुडबुडे सोडून गाठीतला रक्तपुरवठा पाहण्याची पद्धत इथे मदत करते. नलिकेचा कर्करोग बहुधा कमी रक्त घेतो, न्यूरोएंडोक्राइन गाठ भरपूर घेते. हे आधार उपयोगी आहेत, पण पेशींच्या पुराव्याची जागा ते घेत नाहीत.

प्रत्येक गाठीला सुई लागतेच असेही नाही. गाठ काढता येण्याजोगी आहे, सीटीचे चित्र स्पष्ट आहे, रुग्ण शस्त्रक्रिया सोसू शकतो, अशा वेळी अनेक सर्जन सुई न टाकता शस्त्रक्रियेचाच सल्ला देतात, कारण सुईचे उत्तर काहीही आले तरी त्यांचा निर्णय बदलणार नसतो. याउलट शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी द्यायची असेल, किंवा गाठ काढण्यापलीकडे गेली असेल, तर पेशींचा पुरावा हवाच. क्षय, लिम्फोमा किंवा ऑटोइम्यून आजाराची शंका असेल तर सुईने एक मोठी शस्त्रक्रिया टळू शकते. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: कावीळ आहे म्हणून घाईघाईने पित्तनलिकेत स्टेंट टाकला की नंतरच्या सीटीत आणि ईयूएसमध्ये गाठीच्या कडा नीट वाचता येत नाहीत. ताप, थंडी, जंतुसंसर्ग नसेल तर आधी सीटी, गरजेप्रमाणे ईयूएस आणि मग स्टेंट, हा क्रम पाळलेला बरा. रक्तातल्या सीए 19-9 या घटकाच्या चाचणीवरही एकटीवर विसंबू नये. नुसत्या काविळीनेही तो वाढतो, आणि काही माणसांच्या शरीरात हा घटक मुळात तयारच होत नाही.

द्रवाने भरलेल्या गाठींची गोष्ट वेगळी, आणि तिच्यासाठी पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. काही गाठींकडे फक्त लक्ष ठेवायचे असते, काहींना आयुष्यभर हात लावण्याची गरज नसते, काही वेळीच काढल्या तर पुढचा कर्करोग टळतो. आतला द्रव काढून त्यातील सीईए आणि साखर मोजली तर ही निवड सोपी होते. ईयूएसच्या साहाय्याने होणारे उपचार, म्हणजे असह्य वेदनेसाठी मज्जातंतूंच्या जाळ्याजवळ इंजेक्शन देणे, साचलेला द्रव जठरात वळवणे, पित्ताला नवी वाट करून देणे, यांची ओळखही शेवटी करून दिली आहे.

सुईबद्दलची भीती मी हसण्यावारी नेत नाही. 'हत्यार लागले की कॅन्सर पसरतो' हे वाक्य आपल्याकडे घरातली वडीलधारी माणसे मायेपोटी उच्चारतात. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत, पण ती विरळ आहेत. डोक्यातल्या गाठीत तर सुई आतड्याच्या ज्या भागातून जाते, तो भाग शस्त्रक्रियेत बहुधा गाठीबरोबर काढलाच जातो. सुईनंतर स्वादुपिंडाला सूज येणे, रक्तस्राव होणे असे त्रास साधारण 100 पैकी एखाद्या रुग्णाला होतात. चुकीच्या निदानावर महिनोन्महिने चुकीचे औषध घेण्याचा धोका याच्या शेजारी ठेवून पाहिला, की तोल आपोआप कळतो.

'पेशंटला काही सांगू नका' ही विनंतीही मायेतूनच येते. पण आपल्या पोटात काय चालले आहे हे माणसाला आतून कळत असते. निदान लपवले की त्याच्याभोवतीची सगळी माणसे अभिनय करू लागतात आणि तो एकटा पडतो. कितपत सांगायचे, कधी सांगायचे हे त्याच्या स्वभावाप्रमाणे ठरावे. पण ठरवताना त्याला वगळू नये. गाठीचे खरे नाव कळले तर कित्येकदा भीतीपेक्षा दिलासाच मिळतो, हे वर दिलेल्या उदाहरणांतून दिसलेच आहे.

ईयूएसची सोय अजून प्रामुख्याने मोठ्या शहरांतच आहे. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या रुग्णाला तपासणीच्या खर्चाआधी प्रवासाचा, राहण्याचा, बुडालेल्या मजुरीचा खर्च सोसावा लागतो. म्हणून त्याची एक फेरीही वाया जाता कामा नये, आणि ती वाया न जाणे पुष्कळदा गावातल्या डॉक्टरांच्या एका सविस्तर चिठ्ठीवर अवलंबून असते. लक्षणे कधीपासून, वजन किती उतरले, साखर केव्हा वाढली, आधी कोणते आजार आणि शस्त्रक्रिया झाल्या, कोणती औषधे चालू आहेत, आणि मुख्य म्हणजे या तपासणीकडून नेमके काय विचारायचे आहे. गाठ आहे की नाही? असेल तर कशाची? रक्तवाहिनीला चिकटली आहे का? केमोथेरपीसाठी पेशींचा पुरावा हवा आहे का? दुर्बीण हाताळणारा डॉक्टर या प्रश्नांप्रमाणे आपली तपासणी आखतो, सुई निवडतो, नमुना कोणकोणत्या चाचण्यांना पाठवायचा ते ठरवतो. प्रश्न मोघम असेल तर उत्तरही मोघम येते.

रुग्णांनी आणि नातेवाइकांनीही हे प्रश्न विचारावेत, संकोच करू नये. या तपासणीने उपचारात काय बदल होणार आहे? उत्तर 'सापडले नाही' असे आले तर पुढची पायरी कोणती? नमुना कोण वाचणार? एवढे तीन प्रश्न कुठल्याही चांगल्या डॉक्टरला आवडतीलच, कारण तेही स्वतःला हेच विचारत असतात. पुढच्या प्रकरणांत या प्रश्नांची उत्तरे गाठीच्या प्रकारानुसार एकेक करून दिली आहेत. ती वाचून कुणाची अनावश्यक शस्त्रक्रिया टळली, कुणाची आवश्यक शस्त्रक्रिया वेळेवर झाली, किंवा एखाद्या तालुक्याच्या दवाखान्यात 'स्वादुपिंड नीट दिसले नाही' या ओळीखाली कुणी लाल रेघ ओढली, तर हे लिहिण्यामागची माझी इच्छा पूर्ण झाली असे मी समजेन.